सौदीत बर्फ पडतो का? पडतो, बूट भिजवून आलोय

ताई, तुमचा प्रश्न असा की भाच्याला सौदीत तबुकला नोकरी लागलीये, फॅमिली ग्रुपवर बर्फात उभ्या उंटांचा व्हिडिओ फिरतोय, तो खरा की बनवलेला, आणि पोराच्या बॅगेत स्वेटर टाकायचा का. स्वेटर टाकाच. व्हिडिओ मी पाहिलेला नाही पण तबुकच्या डोंगरातला असेल तर खरा असू शकतो, मी तिथे चार हिवाळे काढलेत.

आपल्याकडे गल्फ म्हटलं की दुबई-दम्मामचा चिकचिकाट डोळ्यासमोर येतो. तबुक पडतं पार उत्तरेला, जॉर्डनच्या बाजूला, नकाशात बघा, जवळपास दिल्लीच्याच रेषेत आहे. आणि वाळवंट म्हणजे कोरडं, बारा महिने गरमच असलं पाहिजे असं काही नाही. हवेत बाष्प नाही, वर ढगाचं पांघरूण नाही, मग दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर गार पडते. जानेवारीत पहाटे गाडीच्या काचेवर पांढरा थर यायचा, तो मी एटीएम कार्डाने खरवडून ड्युटीला जायचो. त्यात आमच्या कॅम्पातल्या एसीला हीटिंगच नव्हतं, तक्रार केली तर दोन ब्लँकेटं हातात दिली, असो.

म्हणजे थंडी तिथे दरवर्षी हजर असते, गैरहजर असतं ते पाणी. एखाद्या हिवाळ्यात तुर्कस्तान-सीरियाकडून गार हवेचा लोंढा खाली उतरतो, भूमध्य समुद्राकडून बाष्प येतं आणि दोघांची गाठ डोंगरावर पडली की बर्फ. हा डोंगर म्हणजे जबल अल-लौझ, लौझ म्हणजे बदाम, उंची अडीच हजार मीटरच्या वर. शहर साधारण पावणेआठशे मीटरवर. आता दर हजार मीटरला तापमान ढोबळमानाने साडेसहा अंश उतरतं असा हिशोब धरा, तर शहरात ८ अंश असताना डोंगरमाथ्यावर उणे ३-४ होतात. म्हणून शहरात नुसता पाऊस आणि गाडीने दोनेक तासांच्या अंतरावर सगळं पांढरं, असं होतं.

आम्ही एकदा शुक्रवारी गेलो, मी, एक सांगलीचा आणि दोन केरळी, चौघांनीही तोवर बर्फ फक्त फ्रीजमधला आणि रसवंतीतला पाहिलेला. खाली पोलिसांनी गाडी थांबवली, पुढे पायी. अर्धं शहर तिथे, म्हातारे लोक फरवा घालून (आतून मेंढीच्या लोकरीचा लांब झगा असतो तो) शेकोटीशी चहा करत बसलेले, पोरं बॉनेटवर बर्फाचा ढीग थापून खाली शहरात घेऊन चाललेली. मला वाटलं होतं कापसासारखं काहीतरी असेल, मुठीत घेतलं तर बारीक रव्यासारखं, दाबलं की करकरायचं आणि खाली लगेच ओली तांबडी वाळू. अकरा वाजेपर्यंत उन्हाच्या बाजूचं निम्मं वितळलं आणि माझे कॅनव्हासचे बूट जे भिजले ते दोन दिवस वाळले नाहीत.

आता फेकबद्दल. अशा बातम्यांत निम्मा घोळ गारांचा असतो. गार बोराएवढी नाहीतर आवळ्याएवढी, वादळी ढगात तयार होते, भर उन्हाळ्यातही पडते, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या मराठवाड्या-विदर्भात शेतं पांढरी झाली होती ती गारपीटच. बर्फ हा रवा. आणि मधला एक प्रकार असतो, मऊ, साबुदाण्यासारखा. डिसेंबर २०१३ मध्ये कैरोत 'बर्फ' पडला म्हणून गाजलं तो हा साबुदाणाच होता असं बऱ्याच जाणकारांचं मत पडलं. त्याच वेळी स्फिंक्सवर बर्फ साचल्याचा फोटो फिरला, तो तर जपानमधल्या एका पार्कातल्या छोट्या प्रतिकृतीचा निघाला. नोव्हेंबर २०२४ ला सौदीच्या अल-जौफमध्ये 'इतिहासात पहिल्यांदा बर्फ' म्हणून जे व्हायरल झालं त्यातही मुख्यतः गाराच होत्या, आणि पहिल्यांदा कसलं, तबुकवाले हसतील.

पण खरी उदाहरणंही कमी नाहीत. अल्जीरियात ऐन सेफ्रा नावाचं गाव आहे, सहाराच्या दारात, तिथे १९७९ ला पडला, मग २०१६ आणि २०१८ लाही, केशरी वाळूच्या टेकड्यांवर पांढरे पट्टे, ते फोटो खरे आहेत. मोरोक्कोचं इफ्रान तर सोडाच, आफ्रिकेतलं नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान तिथलं, १९३५ साली उणे २३.९. अमिरातीत रास अल खैमाच्या जबल जैसवर २००४ आणि २००९ ला पडला. मला सगळ्यात भारी वाटतो तो बगदादचा, कारण तिथे डोंगरबिंगर काही नाही, सपाट नदीकाठचं शहर, तरी जानेवारी २००८ मध्ये पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये परत.

खाली कुणीतरी विचारलंय मग महाबळेश्वरला का नाही. तिथे वेण्णा लेकला दरवर्षी पेपरात येतं ते गोठलेलं दव असतं, आकाशातून पडलेलं काही नाही. उंची साडेतेराशेच्या आसपास, आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आणि कडाक्याची थंडी असते तेव्हा आभाळ निरभ्र, मग पडणार काय?

तर भाच्याला सांगा, थर्मल दोन जोड, कानटोपी आणि वॉटरप्रूफ बूट इथूनच घेऊन जा. जाडजूड जॅकेट नको, बॅगेत जागा खातं, तिथल्या बाजारात फरवा घे म्हणावं, माझा अजून आहे, पुण्यात डिसेंबरमध्ये सुद्धा अंगावर घेतला तर घाम फुटतो.