‘घरीच शिकवले तर काय बिघडले?’ : किशोरवयीन मुले आणि मद्यपान यांविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

दिव्यांची अमावस्या नुकतीच झाली आणि दरवर्षीप्रमाणे तिच्या पाठोपाठ पत्रेही आली. ज्या अमावस्येला घरातले दिवे घासूनपुसून पूजायचे, तिला मुलांच्या तोंडी आता ‘गटारी’ एवढेच नाव उरले आहे आणि ते त्यांनी मोठ्यांकडूनच उचलले आहे. पत्र कोथरूडहून येवो की हडपसरहून, गोंधळ तोच असतो. म्हणून या वेळी व्यसनमुक्तीचे काम करणारी मानसोपचारतज्ज्ञ या नात्याने काही प्रश्न एकत्र घेत आहे. लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलाला नुकतेच अठरावे संपले. मतदान करता येते, तर कायद्याने बिअरही पिता येत असेल ना?

नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइन यांसाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार त्यानंतरही परवाना लागतो.

प्रश्न : नातवाला सर्दी झाली की सासूबाई त्याला चमचाभर ब्रँडी पाजतात. तो दोन वर्षांचा आहे. चालते का?

अजिबात चालत नाही. एवढ्या लहान मुलाच्या रक्तातील साखर अल्कोहोलमुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगितले तरी चालेल.

प्रश्न : आम्ही दोघेही आयटी क्षेत्रात असून काही वर्षे युरोपात राहून आलो आहोत. मुलगी १६ वर्षांची आहे. पुण्यातल्या ढोंगी वातावरणात तिने मैत्रिणींबरोबर चोरून पिण्यापेक्षा आम्हीच घरी, आमच्यासमोर, जेवणाबरोबर थोडी वाइन देऊन तिला मर्यादा शिकवली तर काय बिघडले?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यालाच प्रथम सुचला असे वाटते. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

ढोंगाविषयीची तुमची तक्रार खरी आहे. ‘आमच्या घरात असले काही नाही’ असे म्हणत एका पिढीने बाटली कपड्यांच्या कपाटात लपवली आणि पुढच्या पिढीने तीच बाटली दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दिवे लावून मांडली. मुलांशी बोलणे मात्र दोघींनीही टाळले. परंतु इतक्या वर्षांच्या न बोलण्याची भरपाई मुलीच्या हातात पेला देऊन होत नाही.

युरोपाचा दाखला देणारे बहुधा जुना युरोप सांगतात. फ्रान्समध्ये १४ वर्षांखालील मुलांना शाळेच्या जेवणात वाइन देणे १९५६ मध्येच बंद झाले आणि २००९ पासून तिथे १८ वर्षांखालील कोणालाही मद्य विकता येत नाही. नेदरलँड्सने २०१४ मध्ये विक्रीची वयोमर्यादा १६ वरून १८ वर नेली. आपण ज्या वाटेने निघालो आहोत, त्या वाटेवरून ते लोक परत फिरले आहेत.

तुमचा प्रश्न ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नेमका तपासला आहे. सुमारे १९०० शाळकरी मुलांचा सहा वर्षे पाठपुरावा करून त्यांनी २०१८ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आईवडिलांनी मद्य दिल्यामुळे मुले पुढे सांभाळून पितात असे कुठेही आढळले नाही. उलट अशा मुलांमध्ये एका बैठकीत बेसुमार पिण्याचे आणि त्यातून होणाऱ्या अपायांचे प्रमाण अधिक दिसले, आणि ती बाहेरूनही मद्य मिळवू लागण्याची शक्यता वाढली. म्हणजे ‘घरी मिळाले की बाहेर जाणार नाही’ हे गृहीतकच टिकले नाही. अमेरिकेतील १९९७ च्या एका मोठ्या विश्लेषणात, पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांमध्ये व्यसन जडण्याचे प्रमाण विशीत सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले होते. लवकर सुरुवात हेच एकमेव कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण जिथे मुले लवकर पितात तिथे घरात इतरही अडचणी असतात. पण मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, हे लक्षात घेतले तर सुरुवात लांबवण्यात तोटा कोणताच नाही.

आईवडील जिला ‘मर्यादा’ म्हणतात, तिची नोंद मुलगी ‘परवानगी’ अशीच करते. माझ्यासमोर बसलेल्या किती तरी मुलांनी ‘पप्पांनीच पहिल्यांदा दिली’ हे वाक्य तक्रारीच्या नव्हे, तर बचावाच्या सुरात सांगितले आहे. आणि बालन्याय कायद्याचे ७७ वे कलमही वाचून ठेवा : डॉक्टरांच्या सूचनेविना मुलाला मादक पेय देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात ‘आईवडील सोडून’ असे म्हटलेले नाही.

मग शिकवायचे काय? आइसलँडचे उदाहरण पाहा. तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी आदल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यालेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. त्यासाठी कोणी मुलांना वाइनची चव शिकवली नाही. खेळ आणि संगीत यांसाठी सरकारने व पालिकांनी पैसे खर्च केले, लहान वयाच्या मुलांनी ठरावीक वेळेनंतर रात्री बाहेर एकटे राहू नये हा नियम पाळला गेला आणि पालकांनी एकमेकांशी बोलून समान नियम ठरवले. आपल्याकडे एकाच सोसायटीतली चार घरे चार नियम करतात आणि मुले बरोबर पाचवे घर शोधून काढतात.

कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे झालेल्या अपघातात दोन तरुणांचा जीव गेला, तेव्हा अल्पवयीन चालकाला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर शहरभर महिनाभर चर्चा झाली. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. पण त्या चर्चेत हिरिरीने बोलणाऱ्या किती पालकांनी आपल्या मुलाला ‘तू रात्री कोणाच्या गाडीतून येतोस?’ असे विचारले, हा माझा प्रश्न आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९९-क कलमानुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

तेव्हा मुलीला या गोष्टी शिकवा : ‘आज बसू या’ असे कोणी म्हटले तर वाद न घालता नाही कसे म्हणायचे, ज्याने पिली आहे त्याच्या मागे दुचाकीवर कधीही बसायचे नाही, आणि रात्री दोन वाजता फोन केला तरी आईबाबा आधी न्यायला येतील व बोलणी दुसऱ्या दिवशी होतील. हे शब्द तुम्हाला पाळावे लागतील. आजोबा, काका, मामा अशा जवळच्या नात्यात कोणाला दारूचे व्यसन असेल, तर मुलीचा धोका अधिक असतो. अशा वेळी समुपदेशकाची एक भेट आधीच घेऊन ठेवा.

प्रश्न : मुले बिअरच पितात, ‘दारू’ पीत नाहीत. मग एवढी काळजी करावी का?

आकडेमोड करून पाहा. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ते सुमारे ४१ ग्रॅम भरते, म्हणजे चार पेग. वाइनच्या साध्या पेल्यातही एका पेगपेक्षा जास्तच असते. २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यावरून राज्यात वाद झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य जबाबदार माणसांकडून ऐकून मी थक्क झाले होते. कंपन्यांची चतुराई तर विचारूच नका : दारूची जाहिरात करता येत नाही म्हणून तेच नाव, तेच चिन्ह सोड्याच्या आणि पाण्याच्या बाटलीवर झळकते आणि क्रिकेटचा सामना पाहणारा दहा वर्षांचा मुलगा ते पाठ करतो. घरात ‘ड्रिंक्स’, ‘बिअर’, ‘वाइन’ असे वेगवेगळे न म्हणता दारूला दारू म्हणा.

प्रश्न : पवना धरणाकाठी तंबूत राहायला गेलेला मुलगा मित्रांनी उचलूनच घरी आणला. लिंबूपाणी आणि काळी कॉफी देऊन झोपवले. बरोबर केले का?

सुदैवाने निभावले. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोलचेच विघटन करू शकते; लिंबू, कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. बेशुद्धीत असलेल्याला काही पाजले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका मात्र वाढतो. शिवाय शेवटचा घोट घेतल्यानंतरही काही काळ रक्तातले प्रमाण चढतच असते, त्यामुळे ‘झोपला, आता उतरेल’ या भरवशावर दार लोटून घेऊ नका. त्याला कुशीवर वळवा, एकट्याला सोडू नका. हाक मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास अतिशय संथ किंवा अडखळत असेल, अंग थंड वा निळसर पडले असेल, झटके येत असतील किंवा डोक्याला मार लागला असेल, तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना खरे काय ते सांगा. ‘काहीतरी खाण्यात आले’ अशी थाप मारून आलेल्या नातेवाइकांमुळे उपचाराची मोलाची वेळ वाया जाते. आणि पुढच्या वेळी धरणाकाठी जाण्याआधी पाण्याचा विचार करा. प्यालेल्या पोहणाऱ्याला १०८ चा उपयोग होत नाही.

प्रश्न : १९ वर्षांच्या भाच्याला जेवणातून नकळत देण्याची दारू सोडवणारी पावडर मागवली आहे. रोज किती द्यावी?

शून्य. अशा पुडीत काय असते ते विकणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिरम हे औषध असेल आणि त्यावर मुलगा प्याला, तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या इथपासून रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकते. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. भिंतीवरच्या ‘हमखास दारू सोडवा’ या जाहिरातींवर पैसे घालवणारी कुटुंबे माझ्याकडे येतात, तेव्हा पैशाबरोबर दोन-तीन वर्षेही गेलेली असतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी संस्था काम करत असताना हे घडावे, याचा मला राग येतो. भाच्याला विश्वासात घ्या. तो यायला तयार नसेल तर आधी घरच्यांनी या. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे.

प्रश्न : मी स्वतः रोज संध्याकाळी घेतो. मुलाला कोणत्या तोंडाने सांगू?

याच तोंडाने सांगा, पण खोटे सांगू नका. ‘मला दिवसाचा ताण उतरवायला लागते’ असे तुम्ही रोज त्याच्यासमोर म्हणत असाल, तर ताणावर उपाय म्हणजे पेला, हा धडा त्याने पाठ केला आहे. त्याला दुकानातून बर्फ, सोडा, चखणा आणायला पाठवणे आजपासून बंद करा. मात्र रोज पिणाऱ्याने या उत्साहात एकदम सोडू नये. हात थरथरणे, झटके, भ्रम असे गंभीर त्रास उद्भवू शकतात. आधी डॉक्टरांना भेटा. मुलाला सोबत आणलेत तरी चालेल.

प्रश्न : मुलीच्या दप्तरात दोनदा बाटली सापडली. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. ती झाली की आणू का?

याच आठवड्यात आणा.