चेहरा लपवायचा तो चित्रीकरणातच

प्रश्न : सरकारी पाळतीवर आम्ही दहा मिनिटांचा लघुपट करतो आहोत. मुलाखत देणाऱ्या एकाची ओळख फुटता कामा नये. एडिटिंगमध्ये चेहरा ब्लर करून आवाज जाड केला तर चालेल का?

उत्तर : नाही. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड जप्त झालं तर त्यावर मूळ चेहरा असतोच. शिवाय माणूस हलताना मोझेकच्या, म्हणजे चेहऱ्यावर चौकोन टाकून केलेल्या ब्लरच्या, प्रत्येक फ्रेममधून थोडी वेगळी माहिती बाहेर पडते. अनेक फ्रेम एकत्र केल्या की अंदाज बांधता येतो. म्हणून चेहरा कॅमेऱ्यात जाऊच देऊ नका. त्यांना पाठमोरं बसवा. सावलीतली आकृतीच हवी असेल तर प्रकाश मागून द्या, एक्स्पोजर पार्श्वभूमीवर ठरवा, आणि रॉ किंवा लॉग या कॅमेऱ्यातल्या रेकॉर्डिंगच्या प्रकारांत शूट करू नका, कारण त्यांत अंधारातला तपशील टिकून राहतो. आधी चाचणीची क्लिप घ्या आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शॅडोज (अंधाऱ्या भागांचा उजेड) पूर्ण वर ओढा. नाक-डोळे दिसू लागले तर समोरच्या भिंतीवरून उजेड परततो आहे. तिथे काळं कापड लावा. अंगठी, गोंदण, चष्म्यातलं प्रतिबिंब हेही तपासा.

आवाजाचं तर याहून अवघड. पिच (आवाजाची पट्टी) जितकी खाली नेली तितकीच वर नेली की मूळ आवाज बऱ्याच अंशी परत मिळतो, आणि बोलण्याची लकब तर जातच नाही. विजेच्या वायरिंगची 50 किंवा 60 हर्ट्झची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. ग्रिडची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याची, वारंवारता सतत किंचित बदलत असल्यामुळे तिच्या नोंदींशी ताडून रेकॉर्डिंगची वेळही काढता येते. त्यामुळे संवाद लिहून काढा, ओळखीचे शब्दप्रयोग त्यांच्या संमतीने बदला, दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि पडद्यावर तसं स्पष्ट लिहा.

फोनवर शूट करत असाल तर लोकेशन आधीच बंद करा. अंतिम फाइलमध्ये ठिकाण, वेळ अशी दडलेली माहिती राहिली नाही ना, ते एक्झिफटूल या प्रोग्रॅमने तपासा. फुटेज व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमने कूटबद्ध केलेल्या (पासवर्डशिवाय न वाचता येणाऱ्या) डिस्कवर हलवा. कार्ड नुसतं फॉरमॅट केल्याने फाइल पुसल्या जात नाहीत. इतक्या नाजूक मुलाखतीसाठी नवं कार्ड वापरून नंतर ते तोडून टाकणंच बरं. प्रदर्शनाआधी अंतिम कट त्या व्यक्तीला दाखवा. एकदा ऑनलाइन गेलेलं परत घेता येत नाही.

प्रश्न : वेबसाइट बंद केल्याचं दृश्य कसं दाखवावं?

उत्तर : सगळीकडे एकच लाल पाटी नको. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, त्या पातळीवर अडवलं तर नावाचा पत्ता चुकीचा मिळतो किंवा मिळतच नाही. जोडणी मध्येच तोडली तर ब्राउझर ‘कनेक्शन रीसेट’ म्हणतो. इजिप्तने जानेवारी 2011मध्ये केलं तसं देशातल्या इंटरनेट जाळ्यांकडे जाणारे मार्गच मागे घेतले, तर सगळंच इंटरनेट जातं. एकाच नेटवर्कवर साइट उघडली नाही म्हणून बंदी सिद्ध होत नाही. त्याच वेळी दुसऱ्या नेटवर्कवरही तपासा आणि दोन्ही पडदे शेजारी शेजारी दाखवा. स्क्रीन रेकॉर्ड करताना ब्राउझरचं नवं प्रोफाइल घ्या आणि नोटिफिकेशन बंद ठेवा, नाहीतर आलेल्या मेसेजमधलं नाव थेट चित्रपटात जातं.