मुलगा टाक्या रंगवतो, लोकांना काय सांगू?

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा, 64 टक्के. तळोजा एमआयडीसीत स्टोरेज टाक्या बनवणाऱ्या कंपनीत लागलाय, पण ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून प्लेट साफ करणं) आणि पेंटिंगच्या क्वालिटी तपासणीत टाकलंय. संध्याकाळी धुळीने माखून, खोकत येतो. नातेवाईक विचारतात तेव्हा लाज वाटते. नोकरी सोडून बीई करावं की जेईच्या (ज्युनिअर इंजिनिअर) परीक्षा द्याव्यात? तो स्वतः काहीच बोलत नाही. – एक वडील, पनवेल

उत्तर : तो बोलत नाही, कारण तुमची लाज त्याला दिसते. घरी रोज तोंड पाडून बसलेला बाप असेल, तर पोरगं कामाबद्दल काय सांगणार? मूळ पत्र मोठं होतं. त्यात नातेवाईक सारखे येतात, मुलाला काम आवडतं का हे मात्र एकदाही नाही.

परीक्षांचं थोडक्यात : डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, जेईच्या जागा निघत राहतात. दोन्ही वाटा पुढच्या वर्षीही असतील.

आता तुमचा गैरसमज. ‘टाकी झाली की शेवटी रंग फासायचा’ असं तुम्ही लिहिलंय. रंगाचं काम टाकी उभी राहण्याआधीच सुरू होतं. प्लेटवरचं तेल-ग्रीस आधी धुवायचं, नाहीतर ब्लास्टिंगने ते आणखी पसरतं. मग ‘एसए अडीच’ या सफाईच्या दर्जापर्यंत ब्लास्टिंग, म्हणजे प्लेट जवळजवळ पांढरी. तळाच्या प्लेटची खालची बाजू अंथरण्याआधीच रंगवायची, नंतर तिथे हात कुठून पोचणार? वेल्डिंगच्या कडा कोऱ्या ठेवायच्या. पाणी भरून चाचणी होईपर्यंत सांध्यांवर रंग नाही, कारण गळती रंगाखाली लपते. मग सांधे साफ करून त्यांवर आधी ब्रशने एक हात, त्यानंतर स्प्रे. आतलं लायनिंग सगळं वेल्डिंग संपल्यावरच. बाहेरून एखादी क्लीट (आधाराचा छोटा तुकडा) वेल्डिंगने जोडली तरी आतला थर जळतो. आणि प्लेटचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं) किमान 3 अंश वर हवं, हवेतली आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या आत. तळोज्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. बिलासाठी घाई करणाऱ्या कंत्राटदाराला ‘आज रंग होणार नाही’ असं सांगायचं काम तुमच्या मुलाचं आहे. याला रंगारीकाम म्हणायचं असेल तर म्हणा. (रंगाऱ्याच्या कामात लाजण्यासारखं काय, हेही मला कळलेलं नाही.)

याच कामात अनुभवानंतर कोटिंग इन्स्पेक्टरचं प्रमाणपत्र मिळवता येतं. ते देणारी नेस ही संस्था 2021 मध्ये विलीन होऊन एएमपीपी झाली, साइटवर लोक अजून ‘नेस’च म्हणतात. तेल कंपन्यांच्या आणि आखातातल्या कामांत त्याला मागणी असते.

पण मला अस्वस्थ केलं ते ‘खोकत’ या शब्दाने. तो तुम्ही जाता जाता लिहिलाय. आज तो घरी आला की एवढंच विचारा : ब्लास्टिंगला काय वापरतात, ग्रिट (लोखंडाचे कण), कॉपर स्लॅग (तांबं गाळताना उरलेली मळी) की वाळू? वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने कारखान्यांत ब्लास्टिंगची वाळू 1949 च्या नियमांनी बंद केली. ब्लास्टरला बाहेरची हवा पुरवणारं हेल्मेट असतं. जवळ उभ्या इन्स्पेक्टरला पुष्कळदा तोंडावर रुमाल. स्लॅग आणि ग्रिटची धूळही निरुपद्रवी नसते, म्हणून उत्तर काहीही आलं तरी छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि काम काय ते त्यांना नीट सांगा. ‘वाळू’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला तिथे पाठवू नका. त्याने कंपनी बदलावी, काम तेच ठेवलं तरी चालेल.