वाचकांचे प्रश्न : आल्सासची द्राक्षगावे कशी पाहावीत?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमची मुलगी आणि जावई पॅरिसला असतात. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार असून त्यांपैकी चार दिवस आल्सास प्रांतातील प्रसिद्ध ‘वाइन मार्गा’साठी राखून ठेवले आहेत. मोटार भाड्याने घेऊन सगळा मार्ग दोन दिवसांत उरकावा, असे जावयांचे म्हणणे आहे. आमचे हे मद्याला शिवत नाहीत आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. मला मात्र चव घेऊन पाहण्याची उत्सुकता आहे. अशा जोडप्याने तिकडे जाण्यात अर्थ आहे का? गेल्यास कसे फिरावे?
— एक वाचक भगिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अवश्य जावे, मात्र जावईबापूंचा बेत त्यांना न दुखावता बदलावा. १९५३ मध्ये आखलेला हा मार्ग उत्तरेकडील मार्लेनहाइमपासून दक्षिणेकडील थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा आहे आणि मोटारीने तो दोन दिवसांत सहज संपतो, हीच त्यातली अडचण आहे. शिवाय गाडी चालवणाऱ्याला चव घेता येत नाही, कारण फ्रान्समध्ये रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम इतकी कमी आहे. पॅरिसहून थेट रेल्वेने सुमारे अडीच तासांत या मार्गावरील कोलमार शहरात उतरावे, चारही दिवस तेथेच मुक्काम ठेवावा आणि बसने एकेका गावी जाऊन पुढे पायी फिरावे.

गावे आणि मळे तेथे वेगळे काढता येत नाहीत. रिक्वीरमध्ये लाकडी चौकटीची, रंगीत भिंतींची जुनी घरे संपतात तेथेच द्राक्षांच्या ओळी सुरू होतात, आणि गावाच्या वरच्या बाजूस चढत गेलेला शोनेनबुर्गचा उतार रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षासाठी नावाजलेला आहे. तेथून हुनावीरमार्गे रिबोव्हिलेपर्यंतची पायवाट मळ्यांमधूनच जाते. मध्ये थांबत, सावकाश चालले तरी ती अर्ध्या दिवसात होते. हुनावीरचे तटबंदीचे चर्च गावाबाहेर, द्राक्षांच्या मधोमध उभे आहे. आपला सगळा प्रवास या एका वाटेपुरता राहिला, तरी माझ्या मते तो वाया जाणार नाही. एक दक्षता मात्र घ्यावी : आपण जाल तेव्हा तोडणी सुरू असेल आणि त्या काळात मळ्यांतील काही वाटा फिरणाऱ्यांसाठी बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी गावातील पर्यटन कार्यालयात चौकशी करावी.

द्राक्षे याच पट्ट्यात का पिकतात, हे कोलमारहून पश्चिमेकडे पाहिले की कळते. व्होज पर्वतरांग ढग अडवते. तिच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस कोलमारला वर्षाकाठी जेमतेम ६०० मिलिमीटर उरतो. हजाराहून अधिक मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या नागपूरकरांना हा आकडा फ्रान्सचा वाटणार नाही. पूर्वेकडे तोंड केलेल्या त्या कोरड्या उतारांवर द्राक्षे शरद ऋतूत हळूहळू पिकत राहतात.

गावांची नावे आणि चवी जर्मन वळणाच्या का, असा प्रश्न आपल्या यजमानांना पडेल. हा प्रांत १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा हिसकावला गेला आणि दुसरे महायुद्ध संपताना परत मिळाला. रिक्वीर त्यातून बचावले. तेथून हाकेच्या अंतरावरील बेनवीर मात्र १९४४ च्या डिसेंबरात उद्ध्वस्त झाले आणि नव्याने बांधावे लागले. चित्रासारखी सुबक गावे पाहून झाल्यावर पाच मिनिटे तेथेही थांबावे. मद्य न घेणाऱ्यांनी अर्धा दिवस कोलमारच्या उंटरलिंडन संग्रहालयाला द्यावा. चित्रकार ग्रुनेवाल्डने चर्चच्या वेदीसाठी रंगवलेले, सोळाव्या शतकाच्या आरंभीचे इसेनहाइमचे वेदीचित्र तेथे आहे. कायझर्सबर्ग हे आफ्रिकेत रुग्णसेवा करणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइत्झर यांचे जन्मगाव. एगिसहाइमच्या गल्ल्या वर्तुळाकार आहेत. या दोन्हींना सवडीप्रमाणे जावे.

आता चवीविषयी. मद्याच्या लहान तळघरांत आधी कळवून जावे. आरंभ कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या रीसलिंगने करावा आणि गुलाबासारखा वास असलेल्या गेवुर्त्सट्रामिनर या मद्याकडे शेवटी वळावे, कारण तो उग्र सुगंध जिभेवर रेंगाळतो आणि नंतरचे काहीच कळत नाही. हिरव्या दांड्याच्या पेल्यात घोटभर ओततात; तो फिरवून, हुंगून, तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकला तरी चालते. तेथे ते शिष्टसंमत आहे. आपल्याकडील खर्ऱ्याशी त्याचा संबंध जोडू नये. यजमानांसाठी द्राक्षाचा रस मागावा, त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

जेवणाचे मात्र जपावे. पातळ पोळीवर साय आणि कांदा पसरून भाजलेली ‘तार्त फ्लांबे’ शाकाहारी दिसते, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. ते वगळण्यास आधीच सांगावे. कुगेलहॉप्फ या उंच केकमध्ये अंडे असते आणि बेदाणे अनेकदा मद्यात भिजवलेले असतात.

येताना प्रत्येकी दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना भारतात आणता येते. तेथील उंच, निमुळत्या बाटल्या पाऊण लिटरच्या असतात. म्हणजे आपल्या वाट्याच्या दोनच बसतात, तिसरी घेतलीच तर ती मुलीकडे ठेवून यावी.