मामांचा रिपोर्ट आणि पीएचडीचा विषय

पत्र : मी सोलापूरला एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे मामा ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. मेसोथेलिओमाने, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाच्या कॅन्सरने, ते गेल्या वर्षी गेले. रिपोर्टवर ‘पीडी-एल१ : ४० टक्के’ असं होतं. हे चांगलं की वाईट, ते कोणीच धड सांगितलं नाही. मला यातच पीएचडी करायची आहे. बाबा म्हणतात, इतक्या दुर्मीळ आजारावर काम करून नोकरी कोण देणार?

उत्तर : कोणी धड सांगितलं नाही, कारण ते एका वाक्यात सांगता येत नाही. पीडी-एल१ हे पेशींवरचं एक प्रथिन. कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशींना लागणारा तो ब्रेक. ४० टक्के म्हणजे गाठीच्या तेवढ्या पेशींवर तो दिसला. असे ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार करता येतात, हे दाखवल्याबद्दल ॲलिसन आणि होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. मेसोथेलिओमात पीडी-एल१ जास्त असलेले रुग्ण कमी जगतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण तो जास्त सापडतो सार्कोमॅटॉइड (लांबट पेशींच्या) प्रकारात, आणि तो प्रकार मुळातच वाईट. मग दोष रेणूचा की प्रकाराचा? व्हिस्टा हे दुसरं प्रथिन, तेही ब्रेकच. पण ते एपिथेलिऑइड (गोलसर पेशींच्या) प्रकारात भरपूर असतं आणि तिथे जगण्याचा काळ जास्त दिसतो!

आणखी एक गोष्ट वेगळी ठेव. आजार कसा पुढे जाईल हे सांगणारी खूण एक, औषध लागू पडेल का हे सांगणारी दुसरी. मेसोथेलिओमावरच्या चेकमेट ७४३ या चाचणीत निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही ब्रेक काढणारी औषधं घेणाऱ्यांचा मध्यक जगण्याचा काळ (निम्मे रुग्ण याहून जास्त जगतात) १८.१ महिने होता, केमोथेरपीवाल्यांचा १४.१. अमेरिकेत ऑक्टोबर २०२०मध्ये या जोडीला मंजुरी मिळाली, ती पीडी-एल१ची अट न घालता.

तो ४० टक्क्यांचा आकडा कोणीतरी डोळ्यांनी ठरवलेला असतो. रंगवलेल्या स्लाइडवर निळी केंद्रकं, पीडी-एल१ असेल तिथे पेशींच्या कडेला तपकिरी रेघ. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी लॅबमध्ये होतो. गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज या प्रतिकार-पेशींच्या कडाही तपकिरी होतात. मी त्या गाठीच्या पेशी म्हणून मोजल्या आणि सरांनी स्लाइड परत माझ्या टेबलावर आणून ठेवली. मान खाली घालून पुन्हा मोजत बसलो.

बाबांचं निम्मं बरोबर आहे. एकाच आजाराच्या नावावर नोकरी मिळत नाही. स्लाइड वाचणं, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली प्रथिनं रंगवून दाखवणं) आणि संख्याशास्त्र यांवर मिळते. फुप्फुसाच्या, तोंडाच्या कॅन्सरला तेच लागतं, क्लिनिकल ट्रायल आणि डायग्नोस्टिक्सच्या कंपन्यांनाही. तुझा विषय मात्र संपलेला नाही. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस अजून आयात होतं आणि आजार उमटायला वीस-चाळीस वर्षं जातात.

नेट-जेआरएफ या पीएचडीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अभ्यास लगेच सुरू कर. खारघरचं ॲक्ट्रेक (कॅन्सर संशोधन) आणि पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञान), दोन्ही संस्थांकडे लक्ष ठेव. तोवर हे करून बघ : टीसीजीए या कॅन्सरच्या जनुकीय माहितीच्या खुल्या संग्रहात मेसोथेलिओमाच्या ८७ रुग्णांची माहिती आहे. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडी-एल१ आणि व्हिस्टाचे काप्लान-मायर आलेख (किती रुग्ण किती काळ जगले) काढ. मग अनेक घटकांचा परिणाम वेगळा करणाऱ्या कॉक्स मॉडेलमध्ये वय आणि पेशींचा प्रकार घाल आणि पीडी-एल१चं वजन किती उरतं ते बघ. ८७ जणांत काय काय ठरवता येत नाही, तेही कळेल. अडलीस तर विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात जाऊन बस. तिथली मुलं चहावर शिकवतात.

मुलाखतीत ‘हाच विषय का’ असं विचारतील. मामांबद्दल दोन वाक्यं सांग आणि मग तो आलेख पुढे ठेव.