९६ हजारांची वायरलेस सिस्टीम की दीडशे रुपयांचा स्प्लिटर?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. हातात येणारा पगार ६२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता २१,५००, घरखर्च ३४,०००, एसआयपी ५,०००. अडीअडचणीसाठी बँकेत १,१०,००० आहेत. घरी वडिलांच्या काळचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरच्या दोन जोड्या आणि अभ्यासाच्या टेबलावर कम्प्युटरचा २.१ संच (दोन छोटे स्पीकर आणि एक वूफर) आहे. लॅपटॉपवर लावलेलं गाणं हॉल, स्वयंपाकघर आणि अभ्यासाची खोली, तिन्हीकडे एकदम वाजावं अशी इच्छा आहे. दुकानदाराने तीन खोल्यांची वायरलेस सिस्टीम सुचवली : ९६,००० रुपये, ८,००० चे १२ बिनव्याजी हप्ते, एकरकमी दिले तर ९०,०००. जुनं सगळं सामान ३,५०० ला घेतो म्हणतो. वर्षभर एसआयपी थांबवून हे घ्यावं का? २,००० रुपये टोकन दिलं आहे.

उत्तर : घेऊ नका. आणि काहीही ठरलं तरी जुना अ‍ॅम्प्लिफायर ३,५०० ला देऊ नका.

आधी तुमच्याच आकड्यांची बेरीज करू. हप्ता, खर्च आणि एसआयपी मिळून ६०,५०० होतात. महिन्याला १,५०० उरतात. एसआयपी थांबवली तर ६,५०० मोकळे होतील, पण हप्ता आहे ८,००० चा. म्हणजे एसआयपी बंद करूनही दरमहा १,५०० रुपये कमीच पडणार. ते अडीअडचणीच्या पैशातून जातील किंवा कार्डावर थकतील. तो निधीही आधीच तोकडा आहे. घरखर्च आणि गृहकर्ज मिळून महिन्याला ५५,५०० लागतात. १,१०,००० म्हणजे जेमतेम दोन महिने. खरं तर सहा महिन्यांचे, म्हणजे सव्वातीन लाखांच्या वर हवेत. म्हणूनच ९०,००० एकरकमी देण्याचा मार्गही तुमच्यासाठी बंद आहे.

‘बिनव्याजी’ या शब्दाबद्दल. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावलं होतं. आता होतं असं की व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात आणि बँक हप्त्यात ते व्याज लावते. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरला, तर ८,००० च्या १२ हप्त्यांमागे मुद्दल सुमारे ८८,६३० आणि व्याज ७,३७० निघतं. हप्ते क्रेडिट कार्डावर घेतले तर या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १,३२५ च्या आसपास. शिवाय प्रक्रिया शुल्क १९९ धरलं तर करासह २३५. म्हणजे एकूण ९७,५६० रुपये जातील. तीच वस्तू रोखीत ९०,००० ला मिळते. हा फरक साडेसात हजारांचा, आणि तुमच्या बाजूने मोजला तर हे कर्ज वर्षाला १५ टक्क्यांच्या घरातच पडतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला हवं ते करायला लागणारं बहुतेक सामान तुमच्या घरातच आहे.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात ३.५ मिमीचा वाय-स्प्लिटर लावा. एक फाटा थेट २.१ संचाला. दुसऱ्या फाट्यापासून ३.५ मिमी ते आरसीए केबल (लाल-पांढऱ्या दोन टोकांची) अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागेला. जवळच ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल तिथे लावू नका. ती रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते, लॅपटॉपचा आवाज तिथे फाटतो. दोन संचांमध्ये सिग्नल वाटल्याने आवाज कमी होईल का, ही शंका नेहमी येते. होत नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायर आणि २.१ संच यांच्या इनपुटचा विद्युतरोध सहसा १० किलोओहम किंवा त्याहून जास्त असतो. त्यांच्याकडून लॅपटॉपवर भारच पडत नाही. स्प्लिटर घेताना मात्र एक चूक हमखास होते. दुकानात तसाच दिसणारा दुसरा स्प्लिटर मिळतो, ज्याच्या एका फाट्यावर हेडफोनचं आणि दुसऱ्यावर माइकचं चिन्ह असतं. तो घेतला तर एकच संच वाजेल. दोन्ही फाट्यांवर हेडफोनचं चिन्ह असलेला मागा.

आता अ‍ॅम्प्लिफायरला दोन जोड्या. मागे ‘स्पीकर ए’ आणि ‘स्पीकर बी’ अशी टर्मिनल असतील तर हॉलची जोडी ए ला, स्वयंपाकघराची बी ला. त्याआधी टर्मिनलजवळ छापलेले ओहमचे, म्हणजे रोधाचे, आकडे नीट वाचा. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरवर एक जोडी चालवायची तर किमान ४ ओहम आणि दोन्ही एकदम चालवायच्या तर प्रत्येकी किमान ८ ओहम असं लिहिलेलं असतं. दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो. एक जोडी ६ ची निघाली तर तो ३.४ वर येतो; मग मोठ्या आवाजात अ‍ॅम्प्लिफायर तापतो, मध्येच बंद पडतो, कधी आउटपुट ट्रान्झिस्टरच जातो. स्पीकरवरचं लेबल पुसलं असेल तर मल्टिमीटरने तपासा : ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ६ ओहमचा ४.५ ते ५. आकडे जुळले नाहीत, किंवा बी टर्मिनलच नसेल, तर स्वयंपाकघरासाठी वेगळा छोटा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर घ्या, अडॅप्टरसह दीड ते अडीच हजारांत मिळतो. स्वयंपाकघराचा आवाज वेगळा कमी-जास्त करता यावा असं असेल तरीही हाच मार्ग बरा, कारण ए आणि बी ला आवाजाचं एकच बटण असतं.

वायर तांब्याची, १.५ चौरस मिमीची. १० मीटर अंतरावर जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहमच्या आत राहतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एकाच स्पीकरचं उलटं झालं तर ढोलकी-तबल्याचा भार नाहीसा होतो आणि लोक नव्या स्पीकरचा विचार करू लागतात.

चार्जर लावल्यावर घुंऽऽ असा आवाज आला आणि चार्जर काढल्यावर थांबला, तर तो अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येतो. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी राहिला तर अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ही घुंऽऽ अडवणारी छोटी डबी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, तो जिवाचा खेळ आहे.

खर्च : स्प्लिटर १५०, आरसीए केबल ३५०, दोन पदरी वायर २४ मीटर सुमारे १,२००, आयसोलेटर ४००, भिंतीवर वायर झाकायची पट्टी ३००, इलेक्ट्रिशियन ७००. झाले ३,१००. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, आणखी तीनशे. जुन्या वूफरच्या कडेची फोमची रिंग भुसभुशीत झाली असेल तर ती बदलून मिळते, त्यासाठी स्पीकर टाकून द्यायची गरज नाही. असा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन जोड्या आज नव्याने घ्यायच्या तर २५-३० हजारांच्या खाली काम होत नाही. दुकानदाराची ३,५०० ची ‘मदत’ या आकड्यासमोर ठेवून पाहा.

लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरायचं असेल तर हजारेक रुपयांचा एक ब्लूटूथ रिसीव्हर घ्या आणि स्प्लिटर लॅपटॉपऐवजी त्या रिसीव्हरला लावा. खोलीगणिक वेगळा ब्लूटूथ स्पीकर घेऊन लॅपटॉपवरून एकदम वाजवायला जाऊ नका. विंडोज साधारणपणे एकाच निवडलेल्या साधनाकडे आवाज पाठवतं. व्हॉइसमीटरसारख्या सॉफ्टवेअरने दोन साधनं जोडता येतात, मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये मल्टि-आउटपुट डिव्हाइस बनवता येतं. पण प्रत्येक ब्लूटूथ स्पीकर आवाज आपापल्या उशिराने देतो, दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर अगदी नेहमीचा. दोन स्पीकरमध्ये ५० मिलिसेकंदांचाही फरक पडला की हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. एकच रिसीव्हर आणि पुढे तारा, म्हणजे सगळीकडे उशीर सारखा. सिनेमा पाहताना ओठ आणि आवाज जुळत नसतील तर विंडोजवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज मागे-पुढे सरकवता येतो.

दुकानदाराची सिस्टीम वाईट नाही. प्रत्येक खोलीत वेगळं गाणं, लॅपटॉप बंद असताना फोनवरून चालू करणं, भाड्याच्या घरात भिंतीवर पट्टी न मारता काम होणं, हे तिचे खरे फायदे आहेत. पण तुम्ही यातलं काही मागितलेलं नाही. शिवाय अशी सिस्टीम कंपनीच्या अ‍ॅपवर आणि अपडेटवर जगते. सोनोससारख्या वायरलेस स्पीकरच्या नावाजलेल्या कंपनीने मे २०२० पासून आपल्या काही जुन्या उत्पादनांचे नवे अपडेट थांबवले होते. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र उद्या लॅपटॉप बदलला तरी त्याच भोकातून वाजेल.

एसआयपी चालू ठेवा. ३,१०० रुपये दोन महिन्यांच्या शिलकीत, ३,००० मध्ये, जवळपास बसतात. त्यानंतरचे दरमहा १,५०० आणि वर्षाकाठी मिळेल तो बोनस अडीअडचणीच्या निधीत घाला. तो निदान तीन महिन्यांच्या खर्चाइतका, म्हणजे १,६६,५०० चा झाला की मग हवं तर नव्या सिस्टीमसाठी वेगळं आवर्ती खातं उघडा.

सगळं सामान एकदम आणू नका. पहिल्या रविवारी फक्त स्प्लिटर आणि आरसीए केबल, ५०० रुपये. हॉलची जोडी आणि २.१ संच एकत्र वाजू द्या, चार्जर लावून आणि काढून ऐका. घुंऽऽ नसेल तर आयसोलेटरचे ४०० वाचले. मगच स्वयंपाकघरापर्यंत वायर मोजा, कोपरे आणि दाराची चौकट धरून, आणि प्रत्येक टोकाला एक मीटर जास्त ठेवा.

टोकनचे २,००० दुकानदाराकडे परत मागा. रोख देत नसेल तर त्याच रकमेत केबल, वायर आणि ब्लूटूथ रिसीव्हर द्यायला सांगा, बहुतेक दुकानदार एवढं ऐकतात. तेही नाकारलं तरी २,००० गेले म्हणून ९७,५६० देऊ नका.