लोकांनीच लिहिलेली संकेतस्थळं टिकणार की ही नुसती हवा?

तुम्ही विचारलंय, की वाचणाऱ्यांनीच लिहायचं अशा संकेतस्थळांचा एवढा बोलबाला आहे, तो टिकणारा आहे की चार दिवसांचा. माझ्या मते लिहिणारी माणसं टिकतात, संकेतस्थळ टिकेलच असं नाही.

हवा होतीच. २००६ साली टाइम मासिकाने ‘वर्षाची व्यक्ती’ म्हणून ‘तुम्ही’, म्हणजे नेटवर लिहिणाऱ्या सगळ्यांनाच निवडलं. त्याआधी १९९९ मध्ये याहू कंपनीने अब्जावधी डॉलर मोजून जिओसिटीज, म्हणजे लोकांनी आपापली पानं मांडायचं संकेतस्थळ, घेतलं होतं. २००९ मध्ये ते बंदही केलं. मित्रमंडळींशी गप्पांचं गूगलचं ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, लोकांनीच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं द्यायची ते याहू आन्सर्स २०२१ मध्ये. लिहिलं लोकांनी, पण किल्ली कंपनीच्या हातात.

याउलट विकिपीडिया, हा लोकांनीच लिहिलेला ज्ञानकोश, २००१ पासून चालू आहे, मराठी विकिपीडिया २००३ पासून. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर भागतो. आणि मुख्य म्हणजे त्यातला मजकूर कोणीही उतरवून घेऊन दुसरीकडे मांडू शकतो, परवानाच तसा आहे. उद्या चालवणारी संस्था बुडाली तरी लिहिलेलं बुडणार नाही. मी टिकाऊपणा यावरूनच ओळखतो.

मी स्वतः जास्त रमतो ओपनस्ट्रीटमॅपवर. हा लोकांनी काढलेला जगाचा नकाशा, २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला. आमच्या गावात ओढ्यापलीकडे वीसेक घरांची वस्ती आहे. तिकडे जाणारी पाणंद मी पाहिलेल्या एकाही नकाशात नव्हती. एका रविवारी मोबाइलचं जीपीएस चालू ठेवून ती शेवटपर्यंत चाललो, घरी येऊन त्या खुणांवरून रेघ ओढली. दोन महिन्यांनी बघतो तर कोणा अनोळखी माणसाने ओढ्यावरचा फरशी पूल नोंदवलेला! मग पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं, ही नोंद मी जोडली. आम्ही दोघं कधी भेटलेलो नाही. पण कोणी काय केव्हा बदललं, हे तिथे कायम दिसतं, त्यामुळे विश्वास बसतो. २०१५ च्या नेपाळ भूकंपात हजारो लोकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि घरं अशीच काढली, आणि मदतपथकांनी ते नकाशे वापरले. याला मी हवा म्हणणार नाही.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वाचणारे लाखो, पण झाडलोट करणारे थोडे. कोणी खोडसाळपणा केला, चुकीचं काही घुसडलं, तर ते निस्तरायला रोज कोणीतरी बसावं लागतं. इंग्रजीत तेवढे हात आहेत, मराठीत फार कमी. मराठी विकिपीडियावर तुमच्या गावाचं पान उघडून बघा. तालुका, जिल्हा, फार तर लोकसंख्या. त्यापलीकडे बहुधा काही सापडणार नाही. गावची जत्रा कधी भरते, ओढ्याचं नाव काय, हे तुम्हाला माहीत आहे.